टक्कर इलास्टिक की इनइलास्टिक, प्रश्नात लिहिलंच नसेल तर ओळखायचं कसं?

राजेंद्रनगरवाली
नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, सीबीएसई. शिवाय इथे इंदूरला भंवरकुआँकडच्या एका कोचिंगला जाते. तिथे टकरींचा धडा सुसाट पळवलाय आणि आता रोज रात्री आमच्याकडे वाद चालतो. कालचं गणित असं:

गुळगुळीत पृष्ठभागावर २ किलोचा ठोकळा ६ मी/से वेगाने येतो आणि स्थिर असलेल्या १ किलोच्या ठोकळ्यावर समोरासमोर आदळतो. टकरीनंतर १ किलोचा ठोकळा ५ मी/से वेगाने पुढे जातो. तर २ किलोच्या ठोकळ्याचा वेग किती?

तिने आधीची ऊर्जा बरोबर नंतरची ऊर्जा असं मांडलं. उत्तर आलं ४.८५. पुस्तकात मागे दिलंय ३.५. तिचं म्हणणं, "पृष्ठभाग गुळगुळीत आहे, घर्षण नाही, मग ऊर्जा जाईल कुठे?" मी कॉमर्सवाली, मला तर हे अगदी पटलं. तिचे बाबा म्हणतात सूत्रं पाठ कर आणि झोप. पण प्रश्नात टक्कर इलास्टिक (गतिज ऊर्जा तेवढीच राहते ती) की इनइलास्टिक (थोडी जाते ती), काहीच लिहिलेलं नाही. मग पोरांनी ओळखायचं कसं?

पोहेवाला_भिया
प्रश्न वाचूनच भूक लागली. बसतो इथेच, पोहे घेऊन.

निवृत्त_मास्तर
ताई, लेकीचं उत्तर चुकलंय, पण तिने विचारलेला प्रश्न चांगला आहे. "गुळगुळीत" हा शब्द जमिनीबद्दल आहे, टकरीबद्दल नाही. जमीन गुळगुळीत म्हणजे बाहेरून आडवं बल लागत नाही. त्यामुळे टिकतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गतिज ऊर्जेचा (वेगामुळे असलेली ऊर्जा: अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) खर्च तर ठोकळे आपसातच करतात. खट् असा आवाज होतो, आदळल्या जागी थोडं तापतं, एखादा कोपरा चेपतो. त्याला घर्षण लागत नाही.

तिचं उत्तर तपासून बघा. २ गुणिले ४.८५ अधिक ५ म्हणजे १४.७. टकरीआधी संवेग होता १२. वरचे २.७ कुणी ढकलले? बाहेरचं कुणी नाहीच. म्हणजे उत्तर चुकलं, इथेच कळतं.

आता सरळ मांडा. १२ मधून ५ गेले, उरले ७, भागिले २ म्हणजे ३.५. झालं. मग ऊर्जा बघा: आधी ३६ जूल, नंतर १२.२५ अधिक १२.५ म्हणजे २४.७५. सव्वाअकरा जूल गेले. म्हणजे टक्कर इनइलास्टिक होती. आणि ही गोष्ट गणिताच्या शेवटी कळते, ती सुरुवातीला गृहीत धरायची नाही.

कोटा_रिटर्न
सर, मान्य. पण पेपरात एका प्रश्नाला दोन-अडीच मिनिटं मिळतात. तिथे कोपरा चेपला का आवाज झाला ह्याचा विचार कोण करत बसणार? बाबांचंच बरोबर आहे. इलास्टिकला पहिल्याचा नंतरचा वेग = (वस्तुमानांची वजाबाकी ÷ बेरीज) × आधीचा वेग. दुसऱ्याचा = (पहिल्याच्या वस्तुमानाची दुप्पट ÷ बेरीज) × आधीचा वेग. घोका, टाका, पुढे चला.

सुदामानगरकर
@कोटा_रिटर्न, टाक मग. ह्या गणितात तुझ्या सूत्राने २ आणि ८ येतात. प्रश्नात ५ दिलाय. आता?

कोटा_रिटर्न
मग ती इलास्टिक नाही. दुसरं सूत्र.

सुदामानगरकर
दुसरं चिकटण्याचं. त्याने दोघांना ४ येतात. तेही ५ नाही.

कोटा_रिटर्न
...तिसरं.

पोहेवाला_भिया
शेव संपली, सूत्रं संपेनात 😄

भौतिक_काकू
मी अकरावी-बारावीला शिकवते, त्यामुळे हा घोळ दर वर्षी माझ्यासमोर होतो. सूत्रं पाठ करायला माझी ना नाही, पण ती फक्त दोन टोकांची आहेत आणि हे गणित मधलं आहे. मधलं समजायला मी मुलांना दोन ठोकळ्यांच्या मधे एक स्प्रिंग कल्पायला सांगते.

२ किलोवाला येतो, स्प्रिंग दाबायला लागतो. त्याचा वेग घटतो, पुढच्याचा वाढतो. दोघांचा वेग ज्या क्षणी सारखा होतो त्या क्षणी स्प्रिंग जास्तीत जास्त दाबलेली असते. तो सारखा वेग किती? १२ भागिले ३, म्हणजे ४ मी/से. त्या क्षणी दोघांची मिळून गतिज ऊर्जा २४ जूल. आधी ३६ होती. म्हणजे १२ जूल स्प्रिंगच्या पोटात.

हे २४ जूल म्हणजे मोडता न येणारी एफडी. संवेग टिकला पाहिजे, म्हणून ह्या २४ ला कुणीही हात लावू शकत नाही. जे काही नाटक व्हायचं ते उरलेल्या १२ जूलचं. स्प्रिंगने १२ च्या १२ परत केले तर वेग २ आणि ८, टक्कर इलास्टिक. काहीच परत नाही केलं तर दोघे ४-४ ने चिकटून जातात. ताईंच्या गणितात नंतरची ऊर्जा २४.७५, म्हणजे फक्त पाऊण जूल परत आला. १२ पैकी पाऊण म्हणजे सोळावा हिस्सा.

आता गंमत. दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग, ह्याला पुनःस्थापन गुणांक म्हणतात. मुलं त्याला नुसतं "ई" म्हणतात. इथे ५ वजा ३.५ म्हणजे दीड, भागिले ६, म्हणजे पाव. त्याचा वर्ग सोळावा हिस्सा. म्हणजे ई चा वर्ग तुम्हाला सांगतो की दाबलेल्यातलं किती परत आलं.

@कोटा_रिटर्न, तुला हवं ते तिसरं समीकरण हेच. खरं तर पहिलंही हेच. इलास्टिकला ई = १, चिकटल्यास ई = ०. संवेगाचं एक आणि ई चं एक, दोन्ही साधी एकघाती समीकरणं. वर्ग सोडवत बसायला लागत नाही.

राजेंद्रनगरवाली
काकू, एफडीवर मात्र मी अचूक पोचले 😊 लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, प्रश्नात ५ च्या ऐवजी ९ दिले असते तर?

भौतिक_काकू
शाब्बास तिची! ९ दिले तर २ किलोवाल्याला दीड उरतो. ई येतो साडेसात भागिले ६, म्हणजे सव्वा. एकाच्या वर. म्हणजे ऊर्जा आली कुठून? मधे फटाका फुटला असला तरच शक्य.

आणि ३ दिले तर? मग मागच्याचा वेग ४.५ येतो, पुढच्याचा ३. म्हणजे मागचा ठोकळा पुढच्याच्या आरपार निघून गेला. थोडक्यात ह्या गणितात १ किलोवाल्याचा वेग ४ च्या खाली येऊ शकत नाही आणि ८ च्या वर जाऊ शकत नाही. ही दोन टोकं आधी काढून ठेवली की पर्यायांमधले निम्मे न सोडवताच बाद होतात. @कोटा_रिटर्न, हे तुझ्या अडीच मिनिटांसाठी.

कोटा_रिटर्न
हे आवडलं. हे कुणी कोचिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

रामबागचा_राजा
एवढं सगळं बोललात आणि कॅरम कुणालाच आठवला नाही? आमच्या रामबागेत गणपतीच्या दहा दिवसांत कॅरमच्या स्पर्धा व्हायच्या. त्यात एक काका सांगायचे, "सोंगटीला स्ट्रायकर कितीही कट मार, स्ट्रायकर फार वळत नाही." खरं का ते?

सुदामानगरकर
खरं आहे, आणि आकड्यात सांगता येतं. नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. म्हणजे साधारण तिप्पट. जड वस्तू स्थिर हलक्या वस्तूवर आदळली तर तिच्या वळण्याला कमाल मर्यादा असते. त्या कोनाचा साइन म्हणजे हलक्याचं वस्तुमान भागिले जडाचं. इथे एक तृतीयांश, म्हणजे सुमारे साडेएकोणीस अंश. आणि हे पूर्ण इलास्टिक धरून. खऱ्या बोर्डावर त्याहून कमीच.

समोरासमोर मारलात तर स्ट्रायकर अर्ध्या वेगाने त्याच दिशेने पुढे जातो आणि सोंगटी दीडपट वेगाने पळते. म्हणून तर राणीपाठोपाठ स्ट्रायकरही भोकात जातो आणि आपण कपाळावर हात मारतो.

रामबागचा_राजा
पण माझा स्ट्रायकर कधी कधी उलटा माझ्याकडे येतो, तो कसा?

सुदामानगरकर
सोंगटी फ्रेमला टेकलेली असेल. मग तुम्ही सोंगटीला नाही, आख्ख्या बोर्डाला टक्कर मारताय. वस्तुमानाचा हिशोबच बदलला. सोंगटी मोकळी असेल तर उलटा येणं शक्यच नाही. उलटं यायला समोरचं जड लागतं.

बिलियर्ड्सला सगळे बॉल सारख्या वजनाचे, तिथे वेगळी मजा. तिरकी टक्कर झाली की दोन्ही बॉल एकमेकांशी काटकोनात जातात. बॉलची फिरकी सोडून बोलतोय, नाहीतर खेळणारे येतील अंगावर.

पोहेवाला_भिया
रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोर ज्या टकरा होतात त्या कुठल्या?

निवृत्त_मास्तर
पूर्ण इनइलास्टिक. रंगात चिकटल्यावर ई शून्य 😄

इतिहासखोर
ताईंच्या मूळ प्रश्नावर एक जुनी मजा. टकरीचे नियम काय, हा प्रश्न १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने विद्वानांना घातला. उत्तरं आली तिघांची: जॉन वॉलिस, ख्रिस्टोफर रेन आणि ख्रिस्तियान हायगेन्स. वॉलिसने न उसळणाऱ्या वस्तू धरल्या, रेन आणि हायगेन्सने उसळणाऱ्या. म्हणजे तेव्हाही प्रश्नात लिहिलेलंच नव्हतं!

पुढे न्यूटनने दोऱ्यांना गोळे टांगून एकमेकांवर आपटले आणि मोजलं. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या चेंडूंना दूर जाण्याचा वेग जवळ येण्याच्या वेगाच्या ५/९ मिळाला, काचेच्या गोळ्यांना १५/१६. काकूंचा "ई" तो हाच. काचेचासुद्धा एक नाही आला, हे लक्षात घ्या. पुस्तकातली "पूर्ण इलास्टिक" टक्कर रोजच्या वस्तूंत सापडत नाही.

पेल्टियर_प्रेमी
चेंडू वरून सोडायच्या गणितात पण हाच ई ना?

भौतिक_काकू
हो. जमीन हलत नाही, म्हणून ई = उसळीच्या उंचीचं आणि सोडलेल्या उंचीचं गुणोत्तर घेऊन त्याचं वर्गमूळ. एक मीटरवरून सोडलेला चेंडू ६४ सेंटीमीटर उसळला तर ई ०.८. मुलं वर्गमूळ विसरतात. आणि एक सावधगिरी: इथे चेंडूचा संवेग टिकत नाही, कारण जमीन बाहेरून ढकलते आहे. भिंतीवर आपटणाऱ्या चेंडूला संवेग टिकतो असं लिहिणारी मुलं दर वर्षी निघतात. चेंडू तिरका आपटला तर ई फक्त भिंतीला काटकोनात असलेल्या वेगाला लावायचा. भिंत गुळगुळीत असेल तर समांतर वेग तसाच राहतो.

कोटा_रिटर्न
गोळी लाकडात घुसते आणि ठोकळा वर झुलतो, ते गणित पण टाका. तिथे माझे गुण जायचे.

निवृत्त_मास्तर
त्यात सगळ्यांचे जातात. घ्या: १० ग्रॅमची गोळी, वेग ४०० मी/से, टांगलेला ठोकळा १.९९ किलोचा. गोळी आत रुतते. ठोकळा किती वर जाईल?

घाईत मूल लिहितं: गोळीची गतिज ऊर्जा ८०० जूल, ती सगळी उंचीत गेली, वस्तुमान २ किलो, गुरुत्वत्वरण १० धरलं तर उंची ४० मीटर. म्हणजे सात मजली राजवाडा खाली राहिला आणि लाकडाचा ठोकळा वर निघाला!

ह्या गणिताचे दोन तुकडे पाडायचे. पहिला तुकडा, गोळी रुतण्याचा क्षण. तिथे फक्त संवेग: ४ भागिले २, म्हणजे वेग २ मी/से. दुसरा तुकडा, वर झुलण्याचा. तिथे आता काही आदळत नाही, दोरीचं बल हालचालीला काटकोनात, म्हणून ऊर्जा टिकते: उंची ०.२ मीटर. वीस सेंटीमीटर. रुतताना ८०० पैकी ७९६ जूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेले. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायला हीच युक्ती वापरली होती.

पोहेवाला_भिया
४० मीटर उडणारा ठोकळा बघायला छप्पन दुकान बंद ठेवून लोक येतील भिया.

कॅट_कॉलनी
उशिरा आलो. इंदूरच्या कॅटमध्ये (नाव बदलून बरीच वर्षं झाली, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र म्हणायला हवं, पण रिक्षावाल्याला कॅटच सांगावं लागतं) नोकरी केली म्हणून सांगतो. "पूर्ण इलास्टिक रोज सापडत नाही" हे ठोकळ्यांपुरतं खरं. अणू-परमाणूंच्या पातळीवर ती सर्रास होते, कारण तिथे चेपायला कोपराच नसतो. आतली ऊर्जापातळी बदलली नाही तर टक्कर इलास्टिक.

आमच्या इंडस-२ ह्या त्वरकात (कण प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) अडीच गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात फिरतात. तिथे इलेक्ट्रॉन आपटवत नाहीत, त्यांच्यापासून क्ष-किरण घेतात. तरी टकरी होतातच. नळीत उरलेल्या वायूच्या रेणूंवर इलेक्ट्रॉन आदळू नयेत म्हणून निर्वात ठेवावी लागते. शिवाय एकाच घोळक्यातले इलेक्ट्रॉन आपसात आदळतात आणि त्यातला आडवा संवेग लांबीच्या दिशेला वळतो. मग ते इलेक्ट्रॉन कड्यातून निसटतात. ह्याला टाउशेक परिणाम म्हणतात. तिथेही हिशोबाला संवेग आणि ऊर्जा हीच दोन समीकरणं लागतात, फक्त सापेक्षतावादातली.

राजेंद्रनगरवाली
जेवणाच्या टेबलावरून कड्यात पोचलो की!

इतिहासखोर
@कॅट_कॉलनी, मग न्यूट्रॉनची गोष्ट सांगूनच टाकतो. १९३२ साली इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स चॅडविकसमोर बेरिलियममधून निघणारे अनोळखी किरण होते, त्यांच्यावर विद्युतभार नाही. ते हायड्रोजनवर आदळले की हायड्रोजनचे अणुकेंद्र सेकंदाला जास्तीत जास्त ३.३ कोटी मीटर वेगाने उडायचे. नायट्रोजनवर आदळले की नायट्रोजनचे सुमारे ४७ लाख मीटर. आता कोटा_रिटर्नचं इलास्टिकमधलं "दुसऱ्याचा वेग" हे सूत्र लावा. अनोळखी कणाचा वेग माहीत नाही, पण दोन्हीकडे तोच आहे, तो कटतो. नायट्रोजनचं वस्तुमान १४ आणि हायड्रोजनचं १, म्हणून (कण + १४) ÷ (कण + १) = सुमारे ७. सोडवा. कण येतो १.१६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ प्रोटॉनइतकाच. न्यूट्रॉनचं वस्तुमान पहिल्यांदा असं निघालं, इलास्टिक टक्करीच्या अकरावीच्या सूत्राने. आजच्या मोजणीत ते प्रोटॉनपेक्षा जेमतेम जास्त आहे.

कोटा_रिटर्न
बघा, म्हणून सूत्र पाठ हवं 😎

सुदामानगरकर
चॅडविकने पाठ केलं नव्हतं, काढलं होतं.

कोटा_रिटर्न
तुम्ही तिथे होतात?

निवृत्त_मास्तर
भांडू नका रे. अणुभट्टीत न्यूट्रॉन मंद करायला पाणी, जड पाणी, ग्रॅफाइट का वापरतात तेही ह्याच सूत्रातून निघतं. समोरासमोर टकरीत न्यूट्रॉन ड्यूटेरियमला (जड पाण्यातल्या जड हायड्रोजनला) आपली ८/९ ऊर्जा देतो, कार्बनला सुमारे २८ टक्के आणि शिशाला जेमतेम २ टक्के. हे एनसीईआरटीच्या कार्य-ऊर्जेच्या धड्यात सोडवलेलं उदाहरण आहे (शिसं मी जोडलं). लेकीला ते करायला लावा.

राजेंद्रनगरवाली
लावते. पण मंडळी, माझा मूळ प्रश्न अर्धाच सुटलाय. प्रश्न वाचताना शब्दांवरून काही अंदाज येतो का?

भौतिक_काकू
येतो, ताई. "चिकटतात", "रुतते", "एकत्र पुढे जातात", "डबे जोडले जातात" असं असेल तर नंतरचा वेग एकच. न्यूट्रॉन, वायूचे रेणू, अल्फा कण असतील आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर इलास्टिक धरतात. ई दिला असेल तर प्रश्नच नाही. एखादा नंतरचा वेग दिला असेल, तुमच्या गणितासारखा, तर संवेग पुरतो आणि प्रकार शेवटी तपासायचा.

पण माझं मत विचाराल तर शब्दांच्या आधी अज्ञात मोजायला शिकवा. अज्ञात एक असेल तर संवेगाचं एक समीकरण बास. दोन असतील तर दुसरं समीकरण प्रश्नात कुठेतरी लपलंय, ते शोधायचं. दोन अज्ञात आहेत आणि दुसरं काहीच दिलेलं नाही, असं झालं तर प्रश्न अपुरा आहे. तसे प्रश्नही कोचिंगच्या गाइडांत मी पाहिलेत. तिथे पोरांनी स्वतःला दोष द्यायचा नाही.

सुदामानगरकर
+१. आणि बाण काढा. आधीचं एक चित्र, नंतरचं एक चित्र, उजवीकडे अधिक.

राजेंद्रनगरवाली
लेक स्वतः विचारतेय, तिच्याच शब्दात टाकते: "काकू, २ किलोवाला ६ ने उजवीकडे, १ किलोवाला ३ ने डावीकडे, आदळून चिकटतात. माझं उत्तर ५, पुस्तकात ३. आता तर मी संवेगच मांडला होता. पुस्तक चुकलंय ना?"

सुदामानगरकर
बाण काढलेस का?

राजेंद्रनगरवाली
"...१२ वजा ३. ९ भागिले ३. ओके."

भौतिक_काकू
आता त्यातच किती ऊर्जा गेली ते काढ. दोन रीतींनी: आधी-नंतरची वजाबाकी करून, आणि स्प्रिंगच्या पोटातली धरून. दुसऱ्या रीतीत जवळ येण्याचा वेग ९ घे, ६ नाही. ठोकळे तेच आहेत, म्हणून मघाचे ६ चे १२ जूल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढव.

राजेंद्रनगरवाली
"दोन्हीकडून २७ आले!!"

पोहेवाला_भिया
पोरीला सराफ्यात जिलेबी द्या ताई. माझ्याकडून नाही, कोटा_रिटर्नकडून.

कोटा_रिटर्न
देतो. ई शून्य, परत काही मागणार नाही.